चिकट्याच्या पोटाखालचे दाणे

समुद्रकेंद्राच्या जिन्याखाली एक लाकडी कपाट होतं आणि त्यात एकतीस बाटल्या होत्या. प्रत्येक बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवलेला करंगळीएवढा मासा, आणि प्रत्येक चिठ्ठीवर वेगवेगळ्या हस्ताक्षरात एकच शेरा: ‘ओळख पटली नाही’. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कितीतरी विद्यार्थी इथे आले, शिकले, मोठे झाले, काही टकलेही झाले. त्यांतल्या कुणी ना कुणी दर एक-दोन वर्षांनी हा मासा खडकाखाली पकडला, भिंतीवरच्या चित्राशी ताडून पाहिला, जुळेना म्हणून बाटलीत घातला आणि कपाटात ठेवून दिला. एकतीस मासे चुकण्यापेक्षा एक चित्र चुकणं सोपं असतं, एवढा साधा हिशेब एकाच्याही डोक्यात आला नाही. शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं.

ज्या बाईच्या डोक्यात तो हिशेब आला तिच्याकडे कुठलीही पदवी नव्हती. केंद्रात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत, कारण तिचं कामच ठिपक्यांचं. शास्त्रज्ञांनी आणलेले मासे, खेकडे, शिंपले ती भिंगाखाली पाहायची आणि काळ्या शाईने कागदावर उतरवायची. रेघा कमी, ठिपके जास्त. सावली तिथे दाट, उजेड तिथे विरळ. एका माशाला चार दिवस लागायचे, कधी नऊ. नवीन आलेला प्रत्येक जण विचारायचा, “बाई, आता कॅमेरे आहेत, मग चित्रं कशाला?” ती मान वर न करता सांगायची, “कॅमेऱ्याला सगळंच दिसतं. त्यातलं काय बघायचं ते त्याला कळत नाही.” मग विचारणारा निघून जायचा आणि ती कितवा ठिपका होता ते आठवत बसायची.

दुसऱ्या मजल्यावरची उत्तरेच्या खिडकीची खोली तिची. उतरतं टेबल, पितळी दांडीवर बसवलेलं भिंग, निबं पुसायला जुन्या सदऱ्यांच्या चिंध्या, आणि एक खुर्ची, जिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. ही खुर्ची तिच्या बापाच्या काळापासून डुगडुगत होती आणि दुरुस्तीचा अर्जही तेव्हापासूनच वरच्या ऑफिसात पडून होता. कारण तिच्या आधी पंचवीस वर्षं त्या खुर्चीवर तिचा बाप बसला होता. त्याला केंद्रात मास्तर म्हणत. आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तिथून समुद्रकेंद्रात कसा आला हे तो दरवेळी वेगळं सांगायचा, त्यामुळे ते सोडून देऊ.

मास्तरांनी लेकीला धंदा शिकवला तो पट्टीने. ती दहा वर्षांची असताना त्यांनी तिच्यापुढे एक खेकडा ठेवला आणि काढ म्हणाले. तिने झकास आठ पाय आणि दोन नांग्या काढल्या. मास्तरांनी कागद पाहिला, खेकडा पाहिला आणि तिच्या पाठीत पट्टी हाणली. समोरच्या खेकड्याचे दोन पाय तुटलेले होते.

“हे दोन कुठून आणलेस? खिशातून?” ते ओरडले. “दिसतं तेवढंच काढायचं! नाही दिसत तिथे कागद कोरा ठेव. कोऱ्या कागदाला कोणी फाशी देत नाही.”

ही शिकवण तिच्या अंगात इतकी भिनली की पुढे लग्नाच्या वेळी नवऱ्यामुलाबद्दल कोणी विचारलं तर ती सांगायची, “उंची दिसली, स्वभाव अजून दिसलेला नाही.” तो जहाजावर स्वयंपाकी होता, वर्षातून दोन महिने घरी यायचा. वीस वर्षं संसार सुखाचा चालला होता. तो सुखाचा का चालला होता, याबद्दल घरात राहणाऱ्या आत्याचं मत होतं, पण ते ती जावई समुद्रावर असतानाच सांगायची.

त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चित्राखाली उजव्या कोपऱ्यात दोन शब्द असत. मासा समोर ठेवून काढला असेल तर ‘प्रत्यक्ष पाहून’, दुसऱ्या कोणाच्या चित्रावरून काढला असेल तर ‘चित्रावरून’. ही रीत मास्तरांनीच घालून दिली होती. शास्त्रज्ञ चित्राआधी ते दोन शब्द वाचत, आणि ‘प्रत्यक्ष पाहून’ असलं की डोळे मिटून विश्वास ठेवत.

आता त्या माशाबद्दल. उथळ पाण्यातल्या खडकांवर, लाटा आपटतात तिथे, दगडांच्या खालच्या अंगाला हा राहतो. अंगावर खवले नाहीत, नुसता बुळबुळीत. डोकं चपटं आणि रुंद, शेपटीकडे एकदम निमुळता. पोटाखाली वाटीसारखी एक चकती असते, ती दगडाला लावली की मग लाट येवो नाहीतर वादळ, गडी हलत नाही. कोळी त्याला चिकट्या म्हणतात. खायच्या कामाचा नाही, विकायच्या कामाचा नाही, म्हणून बिचारा सुखात आहे. त्या चकतीवर खसखशीएवढे बारीक दाणे असतात, आणि ते दाणे कुठे आहेत आणि कुठे नाहीत यावरून चिकट्यांच्या जाती ओळखतात.

मास्तरांचं चिकट्याचं चित्र पहिल्या जिन्याच्या वळणावर चौकटीत लावलेलं होतं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचं. पाहुणे आले की तिथे थांबत. चकती तर अशी काढलेली की हात लावून पाहावासा वाटे: पुढे दाणे, मागे दाणे, मधेही दाणे, एकेक गोल सुटा. खाली कोपऱ्यात ‘प्रत्यक्ष पाहून’. ठिपकेबाई लहानपणापासून त्या चित्राखालून जात-येत होती आणि दरवेळी तिची मान थोडी ताठ व्हायची.

केंद्राच्या डॉक्टरबाई किनाऱ्यावरच्या खडकांतल्या माशांवर पुस्तक करत होत्या. साठ मासे, साठ चित्रं. एकोणसाठ झाली. साठाव्याला त्या म्हणाल्या, “चिकट्याचं काय, तयारच आहे. मास्तरांचंच लहान करून द्या.”

तेवढंच केलं असतं तर ही गोष्ट घडली नसती. पण तसं केलं की खाली ‘चित्रावरून’ लिहावं लागणार, आणि एकोणसाठ चित्रांनंतर हा डाग तिला नको होता. ती ओहोटीला खडकांवर गेली, एक चिकट्या आणला आणि काचेच्या बरणीत सोडला. चिकट्याने बरणीच्या काचेला चकती लावली आणि बाहेरून ती चकती आरशासारखी स्वच्छ दिसायला लागली. पुढे दाणे. मागे दाणे. मधे काही नाही. नुसती गुळगुळीत कातडी.

तिने तीनदा मोजलं. दुसऱ्या दिवशी आणखी पाच आणले, त्यांचंही तेच. मग ती जिन्याखालच्या कपाटाशी फतकल मारून बसली आणि दोन दिवसांत एकतीस बाटल्या उघडून चिमट्याने एकेक मासा उलटा केला. एकतिसांच्याही पोटाखाली मधला भाग कोरा. अंगाला स्पिरिटचा असा वास लागला की बसमध्ये शेजारचा माणूस उठून उभा राहिला.

बापाने ज्या माशावरून चित्र काढलं तो मूळ मासा मात्र कामाचा राहिला नव्हता. त्याच्या बाटलीचं झाकण कधीतरी तडकलं होतं, स्पिरिट उडून गेलं होतं आणि आत वाळक्या सालीसारखं काहीतरी उरलं होतं. चिमटा लावताच त्याचा भुगा झाला.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हुशार होत्या आणि मनानेही चांगल्या होत्या, या दोन गोष्टी एका माणसात क्वचित सापडतात.

“म्हणजे दोनच शक्यता,” त्या म्हणाल्या. “एक तर या किनाऱ्यावर दोन जातींचे चिकटे होते. मधे दाणे असलेला सत्तेचाळीस वर्षांत कोणाला दिसला नाही, म्हणजे तो संपला. तसं मला पुस्तकात लिहावं लागेल.”

“आणि दुसरी?”

“दुसरी तुम्हाला माहीत आहे.”

ठिपकेबाईने भुग्याची बाटली टेबलाच्या कडेला सरकवली.

“मास्तर आहेत अजून. विचारा त्यांना. शुक्रवारी पुस्तक छापायला जातंय, सहा दिवस आहेत.” मग डॉक्टरबाईंनी आवाज खाली आणला. “हे बघा बाई, मला त्यांचा अपमान करायचा नाही. हवं तर आपण फक्त वरून दिसणारा मासा छापू. पोटाची बाजू नकोच. चित्र जिन्यात आहे तसं राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

हे ऐकून ठिपकेबाईला खरोखर सुटल्यासारखं वाटलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अख्खा रस्ता ती याच विचारात चालली: वरून दिसणारा मासा, सुंदर काढते, बाबांना काही कळायचं नाही. पण घराच्या पायऱ्या चढताना तिच्या लक्षात आलं की पुस्तक वाचून पुढचा माणूस चिकट्या पकडेल, उलटा करेल, जिन्यातल्या चित्राशी ताडून पाहील, आणि बत्तिसावी बाटली भरेल. किंवा त्याहून वाईट म्हणजे, जो मासा कधी नव्हताच तो संपला म्हणून लोक हळहळतील, आणि जो पायाखाली जिवंत आहे त्याला नावही मिळणार नाही. तिने ठरवलं, विचारायचं. आणि तिचं ठरवणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मास्तर ब्याऐंशीचे, नजर अधू झालेली, गुडघे कुरकुरणारे, पण आवाज असा की खालचा सायकलवाला हातोडी थांबवून ऐकायचा. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, खिडकीशी शेंगा सोलत बसली होती.

“बाबा,” ठिपकेबाईने सरळ विषयाला हात घातला, “तुमच्या चिकट्याच्या चकतीत मधे दाणे होते का?”

“चित्रात आहेत ना?”

“चित्रात आहेत. माशात होते का?”

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. “मी काय लिहिलंय खाली?”

“प्रत्यक्ष पाहून.”

“मग? आता तू मला शिकवणार?” आवाज चढला. “पंचवीस वर्षं त्या खुर्चीवर घासलीत मी! पाट्या रंगवणाऱ्याला साहेब लोक खुर्ची देऊन बसवायचे, ते काय फुकट? तुझ्या हातात निब कोणी दिलं? आज भिंगं चांगली आली म्हणून बापाचं माप काढतेस?”

“माप नाही काढत, बाबा. सदतीस चिकटे पाहिले मी. एकाच्याही मधे दाणे नाहीत.”

“मग ते सदतीस वेगळे असतील!”

खाली हातोडी थांबली. मास्तर उठले, आतल्या खोलीत गेले, आणि दार लावून घेतलं.

आत्याने शेंगेचं टरफल फुंकलं. “हात दाखवून अवलक्षण. कशाला विचारलंस? ब्याऐंशी वर्षांचा माणूस, राहिलेत किती दिवस? सुखाने चित्राखाली हार घालून घेऊ दे की त्याला.”

“आत्या, तुला काय वाटतं?”

“मला माशांतलं काय कळतं? पण दादातलं कळतं. लहानपणापासून असाच. बरोबर असला की हळू बोलतो, चुकला की गल्ली गोळा करतो.”

दोन दिवस मास्तर तोंडात गुळणी धरून बसले. जेवायला येत, जेवत, ताट सरकवत, परत आत. लेक समोर आली की नजर भिंतीकडे. ठिपकेबाईचा जीव तुटत होता. या माणसाने तिला बोटाला धरून निब बुडवायला शिकवलं होतं, आणि आता तीच त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या कामावर बोट ठेवत होती. एकदा ऑफिसातल्या मोरीत नळ सोडून ती रडलीसुद्धा. मग तोंड धुऊन परत खुर्चीवर बसली आणि चित्र पुरं केलं. पुढे चौसष्ट दाणे, मागे अठ्ठेचाळीस, मधे कागद कोरा. कोपऱ्यातले दोन शब्द तेवढे लिहिले नाहीत; ते लिहिले की बाबांच्या शब्दांवर रेघ ओढल्यासारखं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने ते चित्र मास्तरांच्या टेबलावर ठेवलं, शेजारी त्यांचं मोठं भिंग ठेवलं, आणि काही न बोलता बाहेर आली. तासाभराने दार उघडलं.

“डाव्या कडेला शाई पातळ झालीय,” मास्तर म्हणाले.

“हो. पाणी जास्त पडलं.”

“हं.”

तेवढंच. दार पुन्हा बंद. आत्या म्हणाली, “सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही,” पण ठिपकेबाईला ते ‘हं’ ओळखीचं होतं. काम चांगलं असलं की त्यांच्या तोंडून तेवढंच यायचं.

बुधवारी सकाळी ती बूट घालत होती तेव्हा मास्तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, काठी घेऊन दारात उभे होते.

“ओहोटी किती वाजता आहे?”

“साडेनऊ. पण बाबा, खडकांवर शेवाळ आहे, तुमचे गुडघे...”

“गुडघे माझे आहेत. दगड उचलायला तू आहेस.”

आत्याने कपाळाला हात लावला, पण एक जाड टॉवेल आणि चहाचा थर्मास मुकाट्याने पिशवीत भरून दिला.

बसने शेवटच्या थांब्यापर्यंत आणि तिथून पाऊल पाऊल. एरवी दहा मिनिटांची वाट, त्यांना पाऊण तास लागला. तीन ठिकाणी ती त्यांना धरायला गेली आणि तिन्ही ठिकाणी त्यांनी काठीने तिचा हात बाजूला केला. चौथ्या ठिकाणी त्यांनी स्वतःच तिचा खांदा धरला आणि मग सोडला नाही. पाणी ओसरलं होतं, खडक उघडे पडले होते, मधल्या खळग्यांत गुडघाभर पाणी साचलं होतं. एका सपाट खडकावर टॉवेलाची घडी टाकून तिने त्यांना बसवलं.

“तो उचल,” त्यांनी काठीने एक दगड दाखवला. दिसत होता की अंदाजाने दाखवला, देव जाणे. “एकदम पालथा करू नकोस. तुझ्याकडची कड उचल आणि वाकून बघ.”

तिसऱ्या दगडाखाली चिकट्या मिळाला. दगडाच्या खालच्या अंगाला पिवळसर अंड्यांचा एक थर चिकटवलेला होता आणि त्या थराला चिकटून बापमासा बसला होता. माद्या अंडी घालून जातात, राखण नर करतो. हा पहारेकरी हलायला तयार नव्हता. तिने त्याला सोडून दिलं, दगड होता तसाच, होता त्याच अंगावर परत ठेवला. अंडी उघडी पडली तर उन्हाने जातात, म्हणून खडकांवर हिंडणाऱ्यांचा हा पहिला नियम. पुढच्या दगडाखाली एक मोकळा चिकट्या होता. तिने ओंजळीत पाण्यासकट घेतला.

“इकडे दे,” मास्तर म्हणाले आणि हात पुढे केला. “आधी हात ओला कर माझा.”

तिने त्यांच्या तळहातावर पाणी सोडलं, मग मासा सोडला. चिकट्या दोनदा तडफडला आणि अंगठ्याच्या बुंध्याशी जाऊन घट्ट बसला. मास्तरांनी हात उलटा केला. मासा पडला नाही. ते किती तरी वेळ तसेच बसून राहिले, हात पाण्याच्या खळग्यात बुडवून, म्हणजे त्याला श्वास घेता यावा.

“तेव्हाही असाच बसला होता,” ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की ती जवळ सरकली. “मला केंद्रात घेऊन सहा महिने झाले होते. तात्पुरता. मोठे साहेब म्हणाले होते, एक चित्र असं काढून दाखवा की परदेशी पाठवता येईल, तर कायम करतो. नाहीतर पाट्या आहेतच. चार वाजता टपाल जाणार होतं. इथेच आलो होतो मी. पाणी चढायला लागलं होतं आणि हा काही दगड सोडेना.”

“मग?”

“नखाने ओढला.” त्यांनी दुसऱ्या हाताचा अंगठा दाखवला. “मासा आला. चकतीच्या मधली कातडी दगडावरच राहिली.”

तिला वाटलं होतं ते चुकले असतील. ते चुकले नव्हते, मधला भाग आपण पाहिलाच नाही हे त्यांना माहीत होतं.

“दुसरा शोधायला वेळ नव्हता. पुढे दाणे होते, मागे दाणे होते. म्हटलं, मधे दुसरं काय असणार? दाणेच असणार. काढले.” ते थांबले. “मोजून काढले, म्हणजे खरे वाटावेत.”

“आणि खाली लिहिलंत.”

“लिहिलं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात चांगला मासा मिळाला की बदलू. पुढच्या आठवड्यात परदेशाहून शाबासकी आली. मग चौकट आली. मग तू आलीस. दर वर्षी वाटायचं, या वर्षी सांगतो. पोरं कपाटात बाटल्या ठेवायची ते बघत होतो मी. मला काय वाटत असेल? प्रत्येक बाटली माझ्या नावाची होती.”

तिला राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि दोन्हींपैकी कुठलं आधी बोलावं ते कळत नव्हतं. शेवटी जे तोंडातून निघालं ते भलतंच होतं.

“मग त्या खेकड्याच्या दोन पायांसाठी मला का मारलं?”

मास्तरांना हसू आलं. डोळे मात्र भरले होते. “माझ्या पाठीपर्यंत माझा हात पोहोचत नव्हता.”

मग तीही हसली, आणि हसता हसता तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. पाणी हळूहळू परत यायला लागलं होतं. ती म्हणाली, “चला बाबा, पाणी चढतंय. सोडवू का याला?”

“हात लावू नकोस,” ते म्हणाले. “त्याचा तो सोडेल.”

पाणी त्यांच्या पावलांना लागलं, मग घोट्यांना. ती घड्याळ पाहत होती, ते हात पाण्यात धरून बसले होते. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं तेव्हा चिकट्याने आपणहून चकती सैल केली आणि फटीत नाहीसा झाला. मास्तरांनी तळहातावरून बोट फिरवलं. तिथे गोल लालसर खूण उमटली होती. “आता चल,” ते म्हणाले. “घरी नाही. केंद्रात.”

केंद्रात ते सहा वर्षांनी येत होते. ओल्या पँटने, ओल्या बुटांनी, फरशीवर पाण्याची रेघ ओढत. पहारेकऱ्याने उठून सलाम केला. डॉक्टरबाई धावत जिन्यात आल्या. “मास्तर, बसा, बसा! अहो, फोन केला असता तर गाडी...”

“ते खाली उतरवा,” मास्तर काठीने वर दाखवत म्हणाले.

“काय?”

“चित्र. चौकटीतून बाहेर काढा.”

पहारेकऱ्याने चित्र उतरवलं, मागचे खिळे सोडवले. कागद पिवळा पडला होता, पण शाई अजून काळी कुळकुळीत होती. ते पहारेकऱ्याच्या टेबलावर पसरल्यावर मास्तरांनी हात पुढे केला. “निब.”

डॉक्टरबाईंना आता कळलं. त्यांनी ठिपकेबाईकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. “मास्तर, नका हो. मूळ चित्र आहे ते, खराब होईल. पुस्तकात मी एक ओळ टाकते, तेवढं पुरे. कोणाला दुखवायची गरज नाही.”

“खराब मी सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच केलंय, बाई. आता दुरुस्त करतोय.”

ठिपकेबाईने निब शाईत बुडवून त्यांच्या हातात दिलं. तिने मनगट धरायला हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली. “जागा दाखव फक्त.” तिने त्यांचं डावं बोट उजव्या कोपऱ्यावर नेऊन ठेवलं. त्यांनी पट्टी मागितली, पट्टी लावली आणि ‘प्रत्यक्ष पाहून’ यावर एक सरळ रेघ ओढली. मग खाली, मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, एकेक अक्षर चाचपडत लिहिलं: ‘चकतीचा मधला भाग ओढताना फाटला होता. मी पाहिला नाही. मनाने काढला.’ आणि त्याखाली आपलं पूर्ण नाव. इतकी वर्षं ते फक्त आद्याक्षरं लिहीत.

एक थेंब शाई सांडली होती, ती त्यांना दिसली नाही आणि कोणी पुसलीही नाही.

डॉक्टरबाईंनी चित्र अलगद उचललं. “मी हे व्यवस्थित बंद पेटीत ठेवते, मास्तर. जिन्यात आता दुसरं काहीतरी लावू.”

“का?” मास्तरांचा आवाज परत चढला. वरच्या मजल्यावरचे दोघे डोकावले. “लपवायचं होतं तर ते मला चांगलं जमत होतं! चौकटीत घाला आणि आहे तिथेच लावा. मान वर करून सगळे बघतात ना? मग हेही बघू दे. नवीन येईल त्याला आधी हेच दाखवा. म्हणावं, चित्र कितीही देखणं असलं तरी मासा उलटा करून बघ.”

ठिपकेबाईने चित्र चौकटीत बसवलं. ती स्वतः स्टुलावर चढली आणि त्याच वळणावर, त्याच उंचीवर ते लावलं. बापाच्या पंचवीस वर्षांतल्या सगळ्या चित्रांत तिला हे सगळ्यात जास्त आवडलं, आणि तिने ते तिथेच, स्टुलावरूनच त्यांना सांगितलं.

“हं,” मास्तर म्हणाले.